संगणकाचा जागल्या

पूर्वीच्या गावगाड्यात जागल्या नावाचा एक माणूस असे. गाव निजले की त्याचा दिवस उगवे. चोरी झाली की सारे गाव त्याच्या नावाने खडे फोडी, आणि चोरी झाली नाही तर तो आहे याचेही कुणाला स्मरण नसे. आज घरोघरी आणि कारखान्या-कारखान्यांत बसलेल्या संगणकांच्या पोटातही असा एक जागल्या आहे. त्याच्याविषयी आणि विशेषतः त्याची काळजी वाहणाऱ्यांविषयी चार शब्द लिहावेत, असे बरेच दिवस मनात होते.

संगणक निजतो तेव्हा त्याचा पडदा काळा होतो, पंखा थांबतो, पण एक घड्याळ चालू राहते. नाण्याच्या आकाराच्या तीन व्होल्टच्या बॅटरीवर ते वर्षानुवर्षे चालते. त्यातला गारेचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा असा विचित्र का? तो पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो आणि तोच एक सेकंद. या घड्याळाला गजर लावता येतो. ठरलेली वेळ आली की ते विद्युतमंडलास खूण करते आणि यंत्र जागे होते. हा गजर लावून संगणकाला निजविण्याचे काम करणारी जी छोटी आज्ञावली मुक्त स्रोताच्या लिनक्स प्रणालीत असते, तिचे नाव ‘आरटीसीवेक’.

हे सारे कुपवाडच्या वाचकाला दूरचे वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याने राज्यभर ज्या वसाहती वसविल्या त्यांतील एक कुपवाडला आहे. तेथील लघुउद्योजकाचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. संध्याकाळी हिशेबाचा संगणक चालूच ठेवून गेले तर रात्रभर वीज जळते. बंद करून गेले तर दिवसभराच्या नोंदींची प्रत रात्री निघत नाही. यावर उपाय सोपा आहे. संगणकाने निजावे, मध्यरात्रीनंतर स्वतः उठून प्रत काढावी, पुन्हा निजावे आणि सकाळी पहिल्या पाळीच्या आधी तयार असावे. यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही, परवान्याचा एक रुपयाही पडत नाही. गजर तेवढा खरा वाजला पाहिजे.

तो खरा वाजावा यासाठी कुणीतरी खपलेले असते. या शतकाच्या आरंभी लिनक्सवर हेच काम ‘एनव्हीरॅम-वेकअप’ नावाची आज्ञावली करीत असे. संगणकावर दूरचित्रवाणीचे कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करणाऱ्या हौशी मंडळींना ती फार प्रिय होती, कारण कार्यक्रमाच्या वेळी यंत्र आपोआप उठे. परंतु प्रत्येक उत्पादकाच्या मुख्य फलकावर गजराची वेळ स्मृतीच्या वेगळ्याच कप्प्यात लिहिलेली असे. तेव्हा जगभरच्या वापरकर्त्यांनी आपापल्या फलकाचे कप्पे शोधून कळवावेत आणि सांभाळणाऱ्याने ते यादीत भरावेत, असा तो खटाटोप. नवा फलक बाजारात आला की यादी अपुरी. अशा कामाला यश येते तेव्हा कुणी टाळी वाजवीत नाही. पुढे यंत्रांच्या ऊर्जाव्यवस्थेचे समान मानक रुळले आणि लिनक्सच्या गाभ्यातच या घड्याळाशी बोलण्याची एकसारखी सोय झाली, तेव्हा ती यादी कालबाह्य ठरली.

आरटीसीवेकचा जन्म त्यानंतरचा. डेव्हिड ब्राउनेल या लिनक्स-विकासकाने ती लिहिली. गंमत अशी की गाभ्यात केलेल्या एका बदलाच्या टिपणातच तिचा मजकूर त्याने जोडून दिला होता. पुढे बर्नहार्ड वॉले यांनी तिच्यावर काम केले आणि ती ‘युटिल-लिनक्स’ या साधनसंचात दाखल झाली. ब्राउनेल २०११ साली निवर्तले. त्यांनी लिहिलेली आज्ञावली मात्र आजही जगभरच्या यंत्रांना वेळेवर उठवते. हे कसे घडते? सांभाळणारा बदलला म्हणून. युटिल-लिनक्सची वाढ खुंटली तेव्हा २००६ साली कारेल झाक या चेक अभियंत्याने त्याची वेगळी शाखा काढली, साचलेल्या दुरुस्त्या निकालात काढल्या आणि २०११ मध्ये मूळ नावानेच तो संच पुन्हा मार्गी लागला.

‘एवढ्याशा आज्ञावलीत सांभाळायचे ते काय?’ असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर आपल्या भारतीयांच्या घड्याळातच आहे. लिनक्स यंत्रातील घड्याळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर ठेवते, तर विंडोज स्थानिक वेळेवर. एकाच यंत्रावर दोन्ही प्रणाली नांदत असतील आणि आज्ञावलीची समजूत चुकली, तर सकाळी आठचा गजर दुपारी दीड वाजता तरी वाजतो, नाहीतर पहाटे अडीच वाजता. साडेपाच तासांचा हा फरक आपला. घड्याळे पूर्ण तासांनीच मागेपुढे असतात असे गृहीत धरणाऱ्या परदेशी विकासकाला तो फरक स्वप्नातही दिसत नाही. म्हणून अशी चूक प्रथम आपल्यालाच भोवते आणि ती कळविण्याचे कामही आपलेच ठरते.

दुसरी अडचण वारशाची. १९८४ च्या आयबीएम एटी संगणकात जी मोटोरोला कंपनीची घड्याळचकती होती, तिच्या गजराला तास, मिनिटे आणि सेकंद एवढेच कळत. तारीख कळत नसे. आजही काही यंत्रे चोवीस तासांपलीकडचा गजर मानीत नाहीत. शनिवारी सायंकाळी लावलेला सोमवारचा गजर रविवारीच वाजू शकतो. त्या चकतीने वर्षाला दोनच आकड्यांची जागा दिली होती आणि तशाच काटकसरीतून २००० सालची धावपळ उद्भवली, हे अनेकांना आठवत असेल. त्याच जातीचे आणखी एक संकट पुढे उभे आहे. जुन्या ३२ बिटांच्या प्रणालींत सेकंदांची मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी संपते. भारतीय वेळेनुसार तेव्हा सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे झालेली असतील. तो मंगळवार आहे. कारखाने चालू असतील.

कुपवाडच्या शेजारी मिरज आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोरा घडवणे ही कला खरीच, परंतु घोडीवरची जवारी तारेच्या घर्षणाने झिजते आणि ती पुन्हा पुन्हा काढावी लागते. ज्याला जवारी काढता येते त्याचे मोल गवई जाणतो. संगणकाच्या जगात मात्र आपण तंबोरे घेतले आणि जवारीवाल्याला विसरलो. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त स्रोताविषयी जे धोरण जाहीर केले, त्याच्या नावात ‘स्वीकार’ हा शब्द आहे. स्वीकार उत्तमच. स्वीकारलेल्या वस्तूची निगा कोणी राखायची, हा प्रश्न त्यानंतरचा आहे आणि तो तितक्या ठळकपणे कुणी विचारीत नाही.

निगा न राखल्याचे फळ काय, हे मार्च २०२४ मध्ये जगाने पाहिले. ‘एक्सझेड’ नावाचे माहिती आकुंचित करणारे एक साधन अनेक वर्षे एकच गृहस्थ फावल्या वेळात सांभाळीत होते. थकलेल्या त्या माणसाला मदत करण्याच्या मिषाने ‘जिया टॅन’ हे नाव धारण करणारी कुणी व्यक्ती वा टोळी पुढे आली, दोन-अडीच वर्षे विश्वास संपादन करीत राहिली आणि शेवटी तिने त्यात चोरदरवाजा बसविला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एका यंत्रात प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, म्हणून अनर्थ टळला. अर्ध्या सेकंदाकडे बघणारी नजर दर वेळी असेलच असे नाही.

जर्मनीने यातून घ्यायचा धडा आधीच घेतला होता. २०२२ साली तेथे अशा पायाभूत आज्ञावलींच्या देखभालीसाठी सरकारी निधी सुरू झाला. आपल्याकडे झिरोधा या कंपनीने २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, हे अभिनंदनीय आहे. एका खासगी कंपनीला जे सुचले ते ज्यांचा रोजचा कारभार या साधनांवर चालतो त्या बँका, महामंडळे आणि सरकारी खाती यांना का सुचू नये? ‘फुकट मिळते त्याला पैसे कशाला?’ असे म्हणणाऱ्यांना एवढेच विचारावे की विहिरीचे पाणी फुकट असते म्हणून गाळही आपोआप निघतो काय? विकतची प्रणाली घेतली म्हणजे चिंता मिटली असेही नाही. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि चालती यंत्रे असलेल्या कित्येक छोट्या कारखानदारांपुढे नव्या खरेदीचा प्रश्न उभा राहिला. त्यांतले काही लिनक्सकडे वळतील. त्या जुन्या यंत्रांचे घड्याळ नीट वागते की नाही, हे झाकसाहेबांनी चेक देशात बसून कसे तपासावे?

ते येथे तपासता येईल. सांगलीत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आहे आणि कुपवाडच्या वसाहतीत नाना उत्पादकांचे, नाना वयाचे संगणक आहेत. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने काहीतरी ‘नवे’ करून दाखविले पाहिजे, हा आपल्या प्रकल्पांचा दंडक. चालू असलेल्या साधनातील दोष शोधणे, तो पुराव्यासह मूळ सांभाळणाऱ्याला कळविणे, दुरुस्ती लिहून ती स्वीकारली जाईपर्यंत तिचा पाठपुरावा करणे, यालाही तितकेच गुण मिळाले पाहिजेत. विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने हा एक नियम केला आणि उद्योजकांच्या संघटनेने चाचणीसाठी आपापली जुनी यंत्रे आठवड्यातून एका सुटीच्या दिवशी खुली केली, तर पहिल्याच वर्षी कोणत्या फलकाचा गजर चोवीस तासांपलीकडे टिकतो, कोणता साडेपाच तास चुकतो आणि कोणत्या यंत्रातील नाण्याएवढी बॅटरी संपल्यामुळे सगळा घोळ होतो, याची यादी हाती येईल. बॅटरी कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडेही मिळते. ती बदलून मगच पुढची तपासणी करावी.