आम्हाला नीट घाबरवा

मराठी भयपट आला की निकाल ठरलेला असतो: ‘बजेट कमी होतं हो, त्या मानाने चांगला प्रयत्न.’ हे वाक्य ऐकलं की माझी सटकते. किलकिलं दार आणि त्यामागे थांबलेलं कुणीतरी, याला किती पैसे लागतात?

१९७२ साली रामसे बंधूंनी ‘दो गज ज़मीन के नीचे’साठी अख्खं युनिट बसमध्ये भरून महाबळेश्वरला नेलं. मुक्काम तिथेच, शूटिंगही तिथेच. त्यांच्याआधी ब्रिटनच्या हॅमर कंपनीने हेच केलं होतं. थेम्सकाठच्या एका जुन्या बंगल्यात तेच जिने, तेच दिवाणखाने पडदे बदलून पुन्हा पुन्हा वापरले आणि त्यातूनच १९५८चा ख्रिस्तोफर लीचा ड्रॅक्युला उभा केला. पुठ्ठ्याची भिंत कळते, रक्त फारच लाल वाटतं, पण लीच्या चेहऱ्यावर ‘हे सगळं गमतीत घ्या’ असं कुठेही नसतं. रामसेंची चूक नेमकी इथे झाली. ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) सामरीसारखा राक्षस हाताशी असताना मधेच जगदीप ‘शोले’ची नक्कल करत बसतो.

आपण मराठीत त्या चुकीचीच परंपरा केली. ‘झपाटलेला’ (१९९३) मलाही आवडतो. रामदास पाध्यांचा तो बाहुला आजही कपाटावर बसलेला दिसला तर मी खोलीत जाणार नाही. पण त्यानंतर भूत म्हणजे विनोदी नट, हे जणू ठरूनच गेलं. ‘पछाडलेला’त भूतसुद्धा धमाल करतं. आपल्याला भुताची भीती वाटते हे कबूल करायची लाज वाटते, म्हणून आधीच हसून घ्यायचं. पुरोगामी घरात वाढलेल्यांचा हा खास आजार असावा.

‘लपाछपी’ने (२०१७) तो आजार झटकला. विशाल फुरियाने भरदुपारी, लख्ख उन्हात, ऊस भयाण करून दाखवला. जिकडे वळावं तिकडे तीच पाती, आणि आत खिदळणारी पोरं. यात महागडं काय आहे? ऊस तर आपल्याकडे पैशाला पासरी. माझी तक्रार शेवटाबद्दल आहे. कोण मेलं, का मेलं, कुणाचं पाप, हे सगळं फ्लॅशबॅकमध्ये उलगडून ठेवलं जातं. स्त्रीभ्रूणहत्येचा विषय खराच आहे, पण तो उसातच कळला होता. भीती वाटू लागली की लगेच प्रबोधन, हा आपला दुसरा आजार.

आणि तिसरा म्हणजे भूत कायम गावाकडेच. वाडा, विहीर, पिंपळ. मी धायरीत राहते. २०१७ साली गाव महापालिकेत आलं. खडकवासला धरण हाकेच्या अंतरावर असूनही इथल्या कित्येक सोसायट्यांत टँकर येतात. रात्री दोनला टाकीत पाणी पडल्याचा आवाज सगळ्या मजल्यांवर घुमतो. समोर अर्धवट बिल्डिंगचा सांगाडा, त्यात सातव्या मजल्यावर एकच बल्ब. यावर सिनेमा का नाही? ‘झोंबिवली’ (२०२२) जवळ पोचला होता: डोंबिवली, पाणी, एकीकडे टॉवर, दुसरीकडे वस्ती. माणसं झोंबी होतात तीही पाण्यापायी! इतका जबरदस्त धागा हातात असून दर दहा मिनिटांनी जोक.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये रॉब सॅव्हेजने ‘होस्ट’ केला. सहा मित्रमैत्रिणी झूमवर प्लँचेट करतात, बस. नटांनी आपापल्या घरी स्वतःच कॅमेरे लावले, दिवे लावले. सिनेमा तासाभराचाही नाही. त्यातही दोष आहेत, शेवटी धक्क्यांची घाई होते. पण तो एकदाही डोळा मारत नाही.

त्यामुळे ‘निर्माता मिळत नाही’ हे मला सांगू नका. तुमच्या खिशातला फोन अंधारात शूट करतो. वरच्या टाकीशी जा, झाकण उघडा, आणि कृपा करून वॉचमनच्या तोंडी विनोद घालू नका.