मंडळी नवी, मग 'मूळचे कोण?' हा प्रश्न जुनाच का?

पुण्यातील ख्रिस्ती बंधुभगिनींनो,

पिंपरीपासून वडगाव शेरीपर्यंत नवनव्या मंडळ्या उभ्या राहत आहेत. भाड्याचा हॉल, ड्रमसेट, चंगाई सभेचा फलक, आणि मंचावरून घोषणा : देव काहीतरी नवं करतो आहे! मी पंचहौदच्या देवळात वाढलो. आमच्या जुन्या मंडळ्यांत मरगळ आहे, मिळकतींचे वाद कोर्टात आहेत, तरुण कंटाळून निघून गेले. हा दोष आमचाच. पण ते जिथे गेले तिथे काय बदललं, हे आता विचारलंच पाहिजे.

माझ्या ओळखीतल्या एका मुलीचं स्थळ अशाच एका नव्या मंडळीत ठरत होतं. मुलगा-मुलगी दर रविवारी एकाच हॉलमध्ये हात उंचावून गात. बैठकीत मुलाकडच्यांनी विचारलं, "तुम्ही मूळचे कोण?" उत्तर ऐकलं आणि बोलणी मोडली. पाळक तिथेच बसले होते. एक शब्द बोलले नाहीत.

धर्म बदलूनही ख्रिस्ती समाजातली जात गेली नाही, असं डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट लिहून ठेवलं आहे. ज्या आत्म्याने आजार बरे होतात म्हणता, त्याने हा आजार का बरा होत नाही?

केडगावच्या १९०५ च्या उज्जीवनाचा, म्हणजे आत्मिक जागृतीचा, दाखला नव्या मंडळ्यांच्या सभांमधून हमखास दिला जातो. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधल्या मुली तेव्हा रात्ररात्र प्रार्थना करत होत्या, हे खरंच आहे. पण त्याआधीचं का सांगत नाही? १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुलींना घेऊन आल्या. त्यांना जेवू घातलं, शिकवलं, शेती, विणकाम आणि छपाईच्या कामाला लावलं, अंध मुलींनाही वाचायला शिकवलं. आधी भाकरी झाली, मग उज्जीवन. आपल्या हॉलशेजारच्या वस्तीतल्या किती मुलींची शाळा या मंडळ्यांमुळे सुटायची वाचली?

आणि एकाच माणसावर उभ्या चळवळीचं काय होतं, हे पाहायचं तर ना. वा. टिळक आठवा. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना तिथे जागा होती. इतकी धाडसी चळवळ आपल्यात क्वचितच झाली. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार काळ तग धरू शकला नाही. टिळकांसारख्या माणसाच्या एकट्याच्या खांद्यावर जे टिकलं नाही, ते आज संस्थापक पाळक, खजिनदार पत्नी आणि वारसदार मुलगा अशा घरगुती कारभारावर कसं टिकेल?

आमच्या प्रार्थनास्थळांवर दगड उचलणाऱ्यांनी या पत्रकाचा आधार घेऊ नये. हे घरातलं भांडण आहे, आणि घर आमचं आहे म्हणूनच भांडतो आहोत.

बंधुभगिनींनो, मंडळीसारख्या सार्वजनिक न्यासाला हिशोब ठेवावा लागतो, तो तपासून घ्यावा लागतो, हा महाराष्ट्रातला १९५० चा कायदा आहे. येत्या रविवारी दशांशाचं पाकीट देण्याआधी तुमच्या पाळकांना दोन गोष्टी विचारा : मंडळीची नोंदणी आणि हिशोब कुठे पाहायला मिळेल? आणि गेल्या वर्षी तुम्ही जात ओलांडून किती लग्नं लावलीत? जुन्या मंडळीत असाल तर आम्हालाही विचारा.

— एक सभासद, पंचहौद, गुरुवार पेठ, पुणे