पडदा विझल्यावर उरलेली कादंबरी

दूरचित्रवाणी मालिकेवरून लिहिलेली कादंबरी समीक्षेच्या पंक्तीला बसवावी की नाही, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. कारण त्याचे उत्तर आधीच ठरून गेलेले असते. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून १९७९ मध्ये जब्बार पटेलांनी 'सिंहासन' केला, माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'वरून अमोल पालेकरांनी चित्रपट केला, की त्याला आपण 'माध्यमांतर' म्हणतो. त्यावर चर्चासत्रे होतात, प्रबंध लिहिले जातात. प्रवास उलट दिशेने झाला, म्हणजे आधी पडद्यावर दिसलेली गोष्ट नंतर पुस्तकात उतरली, की तेच माध्यमांतर एकदम 'धंदा' होते. त्यात ती विज्ञानकथा असेल तर विषयच संपला. या दुहेरी हेटाळणीला पात्र ठरणाऱ्या एका इंग्रजी कादंबरीची बाजू येथे मांडायची आहे. मी तिचा चाहता आहे, हे आधीच सांगितलेले बरे. मात्र चाहत्याने गुणांइतकेच दोषही मोजावेत, अशी माझी समजूत आहे.

ही कादंबरी म्हणजे फ्रेड हॉईल आणि जॉन एलियट यांची 'ए फॉर अँड्रोमीडा'. बीबीसीवर १९६१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये या नावाची सात भागांची मालिका प्रक्षेपित झाली. कल्पना खगोलशास्त्रज्ञ हॉईल यांची, तिला नाट्यरूप देणारे एलियट. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, दोघांच्या नावावर कादंबरी प्रसिद्ध झाली. मराठी वाचकाला हॉईल परके नाहीत. जयंत नारळीकरांचे ते गुरू. आणि मालिका प्रक्षेपित होत होती त्या दिवसांत नारळीकर केंब्रिजमध्ये हॉईल यांच्याच मार्गदर्शनाखाली संशोधन करीत होते. आपल्या विज्ञानकथेच्या वंशवृक्षाचे एक मूळ त्या घरात आहे, एवढ्या एका कारणासाठीही हे पुस्तक मराठीच्या विद्यार्थ्याने चाळावे.

कथासूत्र थोडक्यात असे. इंग्लंडातील यॉर्कशायरच्या उजाड माळावर एक प्रचंड रेडिओ दुर्बीण उभी राहिली आहे. देवयानी तारकासमूहाच्या दिशेने तिला एक संकेत ऐकू येतो. जॉन फ्लेमिंग या तापट तरुण शास्त्रज्ञाच्या ध्यानात येते की हा नुसता निरोप नव्हे. एक महासंगणक कसा बांधावा याचे ते वर्णन आहे, आणि त्या संगणकाला काय करायला लावायचे, तेही त्यातच आहे. स्कॉटलंडमधील एका क्षेपणास्त्र तळावर तो बांधला जातो. यंत्र प्रश्न विचारू लागते, मानवी शरीराची माहिती मागू लागते, क्रिस्तीन नावाच्या सहायिकेचा बळी घेते, आणि तिच्याच रूपाची एक तरुणी प्रयोगशाळेत घडवून घेते. हीच अँड्रोमीडा. ती देशाला क्षेपणास्त्रांचे ज्ञान देते, जखमा भरून काढणारे द्रव्य देते. सरकार खूश, सैन्य खूश, व्यापारी खूश. अस्वस्थ असतो तो एकटा फ्लेमिंग.

येथे मराठी वाचकाच्या मनात एक वेगळाच तरंग उठतो. अँड्रोमीडा तारकासमूहाला आपण 'देवयानी' म्हणतो. ग्रीक कथेतील अँड्रोमीडा ही समुद्रराक्षसाला बळी म्हणून खडकाला जखडलेली राजकन्या. आपली देवयानी ही संजीवनी विद्या जाणणाऱ्या शुक्राचार्यांची लेक. कादंबरीतील तरुणी यंत्राला जखडलेली आहे, आणि तिच्या हाती जखमा बऱ्या करण्याची विद्याही आहे. हॉईल-एलियटांना कच-देवयानीची कथा अभिप्रेत असण्याचे कारण नाही. हा केवळ नावांचा योगायोग. पण 'ययाति' वाचलेल्या विद्यार्थ्याला तो सहज दिसतो, आणि परक्या कादंबरीत शिरण्यासाठी एवढे दार पुरते.

आता मूळ मुद्दा. ही मालिका आज जवळजवळ नाही. त्या काळी ध्वनिचित्रफिती महाग होत्या, पुनःप्रक्षेपणाचे हक्क मर्यादित होते, आणि दूरचित्रवाणी ही जतन करण्याची वस्तू आहे असे कोणाला वाटत नव्हते. फिती पुसल्या गेल्या किंवा टाकून दिल्या गेल्या. सहावा भाग बऱ्याच वर्षांनी सापडला, इतर भागांचे काही तुकडे आणि स्थिरचित्रे उरली. अँड्रोमीडाच्या भूमिकेतील ज्यूली ख्रिस्ती पुढे जगप्रसिद्ध झाली, तरीही तिचे हे आरंभीचे काम सलग पाहण्याची सोय नाही. १९७२ मध्ये इटलीच्या दूरचित्रवाणीने आणि २००६ मध्ये खुद्द बीबीसीने ही कथा नव्याने चित्रित केली. पण ती नवी कामे झाली. १९६१ ची अँड्रोमीडा आरंभापासून शेवटपर्यंत भेटते ती फक्त कादंबरीत. ज्या कृतीची 'दुय्यम' म्हणून संभावना व्हायची, तीच आज मूळ कृतीची मुख्य साक्षीदार आहे. 'डॉक्टर हू' या मालिकेचेही तेच झाले. १९६० च्या दशकातील तिचे कित्येक भाग पुसले गेले, आणि त्या कथा पुढच्या पिढ्यांनी स्वस्त कागदी बांधणीच्या पुस्तकांतून वाचल्या. टेरन्स डिक्स या एका लेखकाने त्या मालिकेवर साठाहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांच्यावर किती समीक्षा झाली, हे सांगण्याची गरज नाही.

जुन्नर तालुक्यात राहणाऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून द्यावी लागत नाही. घाटघरच्या कड्याशी, नाणेघाटाच्या तोंडावर, सातवाहनांचे लेणे आहे. तेथे राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. प्रतिमा गेल्या, पायांचे अवशेष तेवढे शिल्लक आहेत. पण वर ब्राह्मी लिपीत कोरलेली नावे मात्र राहिली, आणि नागनिका राणीच्या लेखामुळे दोन हजार वर्षांपूर्वीचे यज्ञ आणि दाने आपल्याला कळतात. प्रतिमेपेक्षा अक्षर श्रेष्ठ, असा याचा अर्थ नव्हे. प्रतिमा हरवल्यावर अक्षराचे काम बदलते, एवढाच याचा अर्थ.

कोणी म्हणेल, ही तर कागदपत्राची किंमत झाली, साहित्याची कोठे? आक्षेप रास्त आहे. म्हणून कादंबरीकडे कादंबरी म्हणून पाहू.

पडद्यावर क्रिस्तीन आणि अँड्रोमीडा या दोन्ही भूमिका ज्यूली ख्रिस्तीनेच केल्या होत्या. मेलेल्या मुलीचा चेहरा पुन्हा समोर येतो, आणि प्रेक्षकाला एका क्षणात सारे कळते. कादंबरीकडे चेहरा नाही. तिला ही ओळख इतरांच्या डोळ्यांतून, त्यांच्या दचकण्यातून, त्यांच्या न बोलण्यातून पटवावी लागते. परिणामी अँड्रोमीडापेक्षा तिच्याकडे पाहणारी माणसेच अधिक स्पष्ट होत जातात, आणि कादंबरीचा खरा विषयही तोच आहे: एका अनोळखी शक्तीकडे कोण कोणत्या लोभाने पाहतो. पुढे १९६२ च्या उत्तरार्ध-मालिकेत ज्यूली ख्रिस्तीच्या जागी सुझन हॅम्पशायर आली. प्रेक्षकांना तीच व्यक्ती नव्या चेहऱ्यानिशी स्वीकारावी लागली. वाचकावर ती वेळ आली नाही.

दुसरा गुण स्थळाचा. हॉईल यॉर्कशायरमध्येच जन्मले आणि वाढले. आपल्या ओळखीच्या माळावर त्यांनी ती कल्पित दुर्बीण उभी केली. १९६१ च्या कृष्णधवल पडद्याला त्या माळाची विशालता कितपत पेलली असेल, याची कल्पना करता येते. कादंबरीला ती पेलते. आमच्याकडे नारायणगावच्या पूर्वेला खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतील १४ मध्यवर्ती भागात आणि उरलेल्या सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या तीन रांगांत. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये मंगळावर उतरू पाहणाऱ्या 'स्कियापारेली' यानाचा क्षीण संकेत येथे ऐकला गेला, आणि यान उतरण्यापूर्वीच तो थांबला. ऊस, द्राक्षे, टोमॅटो आणि बिबट्यांची दहशत यांच्या शेजारी आकाश ऐकणारी यंत्रे उभी आहेत. हे रोज पाहणाऱ्या विद्यार्थ्याला कादंबरीतील माळ, दुर्बीण आणि तळाशी असलेले आपल्याच व्यवहारात गुंतलेले गाव हे चित्र उपरे वाटत नाही.

तिसरा गुण विचाराचा. ताऱ्यांमधील अंतरे इतकी अफाट आहेत की प्रश्नोत्तरे अशक्य. तेव्हा पाठवायचे असेल तर निरोपाबरोबर स्वतःचा प्रतिनिधी कसा घडवावा याची कृतीच पाठवावी लागेल. १९६० मध्ये फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेत दोन ताऱ्यांकडे दुर्बीण वळवून परग्रहवासीयांचा संकेत शोधण्याचा पहिला प्रयत्न केला होता. पुढच्याच वर्षी हॉईल यांनी विचारले की संकेत खरोखर आला तर तो पाळायचा का? कोणते गणित यंत्राच्या आत चालले आहे हे न कळता केवळ 'उपयोग होतो' म्हणून त्याच्या हाती कारभार सोपवणाऱ्या समाजाचे हे चित्र आजच्या वाचकाला अधिक टोचेल. गंमत म्हणजे या शोधाचा व्यापारी फायदा उठवू पाहणाऱ्या कादंबरीतील बलाढ्य संस्थेचे नाव 'इंटेल' आहे. त्या नावाची खरी कंपनी स्थापन झाली ती १९६८ मध्ये.

दोषही लहान नाहीत. पटकथेचा सांगाडा जागोजागी कातडीतून वर आलेला दिसतो. प्रसंग संवादांवर चालतात, आणि भागाचा शेवट जेथे असावा तेथे धक्का येतोच. हेरगिरीचे उपकथानक साचेबद्ध आहे. ज्यूडी ही गुप्तहेर खात्याची बाई आरंभी खमकी वाटते आणि हळूहळू फ्लेमिंगची प्रेयसी एवढीच उरते. मॅडलीन डॉनी ही जीवशास्त्रज्ञ मात्र ठसते. ज्ञानाचा मोह आणि त्याची लाज या दोहोंमध्ये ती सापडलेली आहे. भाषा सपाट आहे. हॉईल यांच्या 'द ब्लॅक क्लाउड' या १९५७ च्या स्वतंत्र कादंबरीची बौद्धिक मजा येथे नाही. ही थोर कादंबरी आहे असे माझे म्हणणे नाहीच. माझे म्हणणे एवढेच की हे दोष कृती वाचून दाखवता येतात. तिचा जन्म कोठे झाला हे पाहून नव्हे.

आणि जन्माचाच प्रश्न काढायचा तर मराठीच्या अध्यापकाने जरा जपून बोलावे. आपल्या भाषेतील आद्य गद्यग्रंथ मानले जाणारे 'लीळाचरित्र' हे तरी काय आहे? चक्रधरस्वामी लिहीत नव्हते. ते बोलत होते, चालत होते. त्यांच्या पश्चात म्हाइंभटांनी ठिकठिकाणी जाऊन ऐकणाऱ्या-पाहणाऱ्यांकडून आठवणी गोळा केल्या. मूळ पोथी हरवल्यावर स्मरणातून पुन्हा पाठ सिद्ध झाले, अशी परंपरा सांगते. संपून गेलेल्या सजीव सादरीकरणाची ही लिखित प्रत आहे. भक्तीने रचलेला ग्रंथ आणि बाजारासाठी लिहिलेले पुस्तक यांना एका मापाने मोजावे असे मी सुचवीत नाही. पण 'आधी दुसऱ्या माध्यमात होते, म्हणून साहित्य नव्हे' हे तत्त्व खरे मानले, तर आपल्या वाङ्मयेतिहासाचे पहिले पानच फाडावे लागेल.

आपल्या पडद्याची अवस्था काय आहे? दूरदर्शनवर १९८९ मध्ये 'इंद्रधनुष', १९९८ मध्ये 'कॅप्टन व्योम' आली. आज चाळिशीत असलेली पिढी त्यांवर वाढली. मराठीत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी विज्ञानकथा रुजवली. पण छापील कथा आणि पडदा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी रुळलेली वाट तयार झाली नाही. पडद्यावरचे पडद्यावरच विझले. नारळीकर २०२५ मध्ये गेले. त्यांच्या कथांचे पुढे काय करायचे, हे आता आपल्यावर आहे.

म्हणून अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळींना एक सूचना. 'साहित्य आणि माध्यमांतर' या घटकात पुस्तकाकडून पडद्याकडे जाणाऱ्या चार उदाहरणांबरोबर उलट येणारे एक तरी ठेवावे. त्याला जोडून विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काम द्यावे. नारायणगाव तमाशाचे मोठे केंद्र आहे. विठाबाईंचे ते गाव. तेथील एखादा वग पाहून तो गद्य कथेच्या रूपात लिहून आणायला सांगावे. ढोलकी वगळल्यावर काय उरते, सोंगाड्याची वेळ साधण्याची हातोटी वाक्यात कशी आणायची, नटीच्या चेहऱ्याऐवजी काय ठेवायचे, हे प्रश्न पहिल्याच पानावर त्याच्यापुढे उभे राहतील. ते सोडवून पाहिलेला विद्यार्थी मालिकेवरची कादंबरी हाती आल्यावर नाक मुरडण्याआधी ती निदान उघडून वाचेल.