ओळीला ओळ जुळली. दिवसाला दिवस जुळला का?

२७ जुलै २००५ रोजी सकाळी ८.३० वाजता संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पडला अवघा ७३ मिलिमीटर! यातला कोणताही एक आकडा एकटा पाहिला, तर त्या दिवसाचे चित्र अपुरे राहते. दोन्ही शेजारी मांडले की लगेच ध्यानात येते, की एकाच शहराच्या दोन टोकांना दोन निराळे पाऊस पडत होते. म्हणून दोन याद्या शेजारी मांडणे हे कारकुनी काम समजू नये. निरीक्षणातून निष्कर्षाकडे जाण्याची ती पहिली पायरी आहे.

हे काम करणारी ‘पेस्ट’ नावाची एक छोटी आज्ञा युनिक्स आणि लिनक्स प्रणालींच्या संगणकांवर असते. पेस्ट म्हणजे चिकटवणे. हा शब्द टंकून पुढे दोन फायलींची नावे दिली, की ती पहिल्या फायलीच्या पहिल्या ओळीपुढे दुसऱ्या फायलीची पहिली ओळ चिकटवते. मग दुसरीला दुसरी, तिसरीला तिसरी. वहीत रेघा आखून ज्याला सारी संध्याकाळ लागेल, ते काम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. मात्र त्या ओळींत काय लिहिले आहे, हे ती पाहत नाही. ती फक्त ओळीचा क्रमांक जाणते. आपण नेमके हेच विसरतो. मीही विसरलो होतो.

घाटकोपरला राहणारी नववीतील एक विद्यार्थिनी माझ्याकडे प्रकल्प घेऊन आली. गच्चीवर स्वतः बनवलेले पर्जन्यमापक ठेवून तिने ऑगस्टभर रोज सकाळी ८.३० वाजता पाऊस मोजला होता. सांताक्रूझचे आकडे तिने वर्तमानपत्रातून उतरवले. दोन फायली केल्या, त्यांत फक्त मिलिमीटर लिहिले आणि ‘पेस्ट’ने त्या जोडल्या. “सर, महिन्याच्या उत्तरार्धात सांताक्रूझला जोराचा पाऊस झाला, की दुसऱ्या दिवशी तो घाटकोपरला होतो!” ती म्हणाली. मी लगेच कारण सांगून मोकळा झालो, “बरोबर आहे. ढग पश्चिमेकडून, समुद्रावरून येतात. आधी सांताक्रूझ, मग घाटकोपर.”

ती क्षणभर थांबली. “पण सर, ढगांना एवढा वेळ लागतो?”

मी खजील झालो. दोन ठिकाणांमधील सरळ अंतर दहा किलोमीटरही नाही. वाऱ्याचा वेग ताशी २० किलोमीटर धरला, तरी अर्ध्या तासाच्या आत ढग पोहोचायला हवा! मग आम्ही ओळी मोजल्या. घाटकोपरच्या ३१, सांताक्रूझच्या ३०. स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीमुळे दुसऱ्या दिवशी तिच्याकडचे वर्तमानपत्र निघाले नव्हते. त्यामुळे १५ तारखेचा आकडा मिळाला नाही आणि तिने ती ओळच गाळली. तिथून पुढे सांताक्रूझचा प्रत्येक आकडा एक घर वर सरकला. संगणकाने कसलीही तक्रार केली नाही. शेवटच्या ओळीत एक जागा तेवढी रिकामी राहिली होती आणि तिच्याकडे आम्ही दोघांनीही लक्ष दिले नव्हते.

यावर उपाय साधे आहेत. जोडण्यापूर्वी दोन्ही फायलींच्या ओळी मोजाव्यात. प्रत्येक ओळीच्या आरंभी तारीख लिहावी; तीही ०१, ०२ अशी दोन अंकी, म्हणजे क्रम बिघडत नाही. मग ‘जॉइन’ ही दुसरी आज्ञा वापरता येते. ती ओळीच्या क्रमांकाऐवजी समान तारीख पाहून जोडी लावते. अर्थात ज्या तारखेला जोडीदार नाही, ती ओळ ‘जॉइन’ एरवी गुपचूप गाळते. तेव्हा ओळी मोजणे इथेही चुकत नाही. शिवाय तारखेचा अर्थ दोन्हीकडे एकच हवा. २६ जुलै २००५ च्या दुपारी कोसळलेला पाऊस वेधशाळेच्या हिशेबात २७ तारखेखाली येतो, कारण तिचा दिवस सकाळी ८.३० ला संपतो. हे कोणत्याही आज्ञेला ठाऊक नसते. ते आपणच जाणून घ्यायचे असते.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. प्रकल्पाच्या वहीत ‘नोंद नाही’ असे लिहिलेले दिसले, तर गुण कापू नका. उलट एक गुण अधिक द्या. गुण जातील या भीतीने मुले ती ओळ गाळतात, नाहीतर तिथे शून्य लिहितात. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. नोंद नाही म्हणजे आपल्याला माहीत नाही. या दोहोंतला फरक ज्याला कळला, त्याला विज्ञानाची वाट सापडली.

आणि विद्यार्थी मित्रांनो, एखाद्या आलेखात नवा नियम दिसला, तर कारण शोधण्यापूर्वी ओळी मोजा. माझ्यासारखी घाई करू नका!