पत आणि छप्पर

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी अनुभवातून घडविली. मात्र बांधणाऱ्याच्या गाठीशी थोडा पैसा आहे आणि चार माणसांत त्याची पत आहे, हे तिने गृहीत धरले आहे. ज्याच्यापाशी या दोन्ही गोष्टी तुटपुंज्या आहेत, त्याने काय करावे? तंजावरच्या एका दांपत्याने हा प्रश्न आमच्यापुढे ठेवला. तो पुष्कळांचा असल्यामुळे या वेळचे पान त्यासाठीच राखले आहे.

एकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरात राज्य स्थापिले. त्यानंतर तेथे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांपैकी हे एक. राजवाड्याच्या परिसरात पिढ्यानपिढ्या राहूनही स्वतःचे छप्पर त्यांना लाभले नाही. गृहस्थ पट्टुकोट्टैकडील बागांतले नारळ टेंपोने तंजावरच्या बाजारात आणीत असत. टेंपो कर्जाऊ घेतलेला होता. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ चक्रीवादळाने त्या भागातील बागाच्या बागा आडव्या केल्या. नवी नारळी फळावर यायला काही वर्षे लागतात. कर्जाचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला येतो. हप्ते थकले, टेंपो गेला आणि कर्ज देणाऱ्या संस्थेने काही रक्कम सोडून देऊन प्रकरण तडजोडीने मिटविले. आता गृहस्थ एका दुकानात हिशेब लिहितात, पत्नी शिकवण्या घेतात. घरभाडे एकदाही चुकलेले नाही. तरीही गेल्या वर्षी त्यांचा गृहकर्जाचा अर्ज नामंजूर झाला.

“आम्ही कुणाचे बुडविले नाही हो, वादळाने आम्हांला बुडविले,” असे सांगताना त्या गृहस्थांचा कंठ दाटून आला.

पत म्हणजे अब्रू असे आपण मानतो, म्हणूनच हा नकार जिव्हारी लागतो. परंतु बँक जो पत-अहवाल पाहते, तो चारित्र्याचा दाखला नव्हे. ती केवळ एक नोंद आहे. तीवरून ३०० ते ९०० यांमधील एक गुणांक काढला जातो. चुकलेला हप्ता तेथे दिसतो, वादळ दिसत नाही. नोंद म्हटली की ती वाचता येते, चुकली असेल तर दुरुस्त करविता येते आणि नव्या वर्तनाने सुधारताही येते.

सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हायमार्क या चार संस्था आपल्याकडे अशा नोंदी ठेवतात. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळविण्याचा आपणांस हक्क आहे. चूक आढळल्यास तक्रार करावी. ३० दिवसांत निकाल न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद रिझर्व्ह बँकेने केली आहे. या दांपत्याच्या अहवालात ‘तडजोडीने मिटविले’ असा शेरा होता. सोडून दिलेली बाकी शक्य असल्यास भरावी, येणे नसल्याचा दाखला घ्यावा आणि नोंद बदलून घ्यावी, असे आम्ही सुचविले.

हे न करता, मिळेल त्या व्याजाने कर्ज उचलले तर? १३ लाख ५० हजारांच्या २० वर्षांच्या कर्जाला ९ टक्के दराने सुमारे १२,१५० रुपये हप्ता पडतो, ११ टक्क्यांनी सुमारे १३,९३५. मुदतीअखेर हा फरक सव्वाचार लाखांहून अधिक होतो. खराब पतीची किंमत ती हीच.

आता शिलकेचा विचार करू. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम मिळू शकते. १५ लाखांच्या घराला दीड लाख स्वतःचे हवेत. शिवाय तमिळनाडूत खरेदीखतावर ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि २ टक्के नोंदणी शुल्क, म्हणजे आणखी १ लाख ३५ हजार. सारांश, पावणेतीन लाखांहून अधिक रक्कम हाताशी हवी.

१ सप्टेंबर २०२४ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत असलेल्या आणि देशात कोठेही पक्के घर नसलेल्या शहरी कुटुंबांसाठी व्याज-अनुदान ठेवले आहे. त्याची कमाल मर्यादा १ लाख ८० हजार. पण ते पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यावर जमा होते. खरेदीच्या दिवशी हाती येत नाही. त्याच्या भरवशावर बयाणा देऊ नये.

पत्नीचा विचार चिटाची बोली लावून पैसा उभा करण्याचा होता. चिट म्हणजे आपल्याकडील भिशीसारखी, पण लिलावाची. लवकर रक्कम उचलणाऱ्याला मोठी सूट सोडावी लागते आणि चिटाचे उरलेले हप्ते गृहकर्जाच्या हप्त्याबरोबर भरत राहावे लागतात. तेव्हा ती बचत उरत नाही, दुसरे कर्ज होते. १९८२च्या कायद्याखाली नोंदलेले चिट शेवटपर्यंत भरावे आणि मग रक्कम घ्यावी, हेच हिताचे.

जशी माणसाची नोंद, तशी घराचीही असते. नोंदणी कार्यालयातून बोजाचा दाखला, ज्याला तेथे ‘विल्लंगम’ म्हणतात, तो काढल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

दांपत्याने आणखी दोन वर्षे भाड्याच्या घरात राहण्याचे ठरविले आहे. “दोन वर्षे जड नाहीत, तोंड लपविणे जड होते,” असे वहिनी म्हणाल्या. अहवाल आता त्यांच्या कपाटात, मुलांच्या शाळेच्या दाखल्यांशेजारी ठेवलेला आहे. वाचकहो, आपला अहवाल आपण कधी पाहिला आहे काय? घर शोधावयास निघण्यापूर्वी तो अवश्य पाहावा.