दाढीतले मार्जिन



आयुष्यभर बँकेत इतरांचे हिशेब तपासले. निवृत्तीनंतर स्वतःची हनुवटी तपासण्यास सवड मिळाली. दाढी झाल्यावरही जबड्याखाली खुंट हाताला लागत. हे खाते एकदाचे निरंक करावे, असे मनाने घेतले.

ज्यांच्या घरी दुधारी पात्याचा रेझर आहे, त्यांनी तो उघडून पाहावा. वरचे झाकण पात्याला किंचित वाकवून धरते. खाली संरक्षक पट्टी असते, आणि पट्टी व धार यांच्यामध्ये बारीकशी फट. पट्टी त्वचेला आवरून धरते आणि धारेपुढे केस तेवढे येऊ देते. उघड्या वस्तऱ्याला सरावलेला हात लागे. या योजनेमुळे घरोघरी दाढी करणे सोपे झाले. अमेरिकेतील किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ मध्ये तिचे पेटंट मिळाले. १९०३ मध्ये त्यांचे अवघे ५१ रेझर खपले होते. पुढच्याच वर्षी हा आकडा नव्वद हजारांवर गेला.

माझ्या भाच्याने एक युक्ती सांगितली. जुन्या पात्याच्या दोन्ही धारा मोडून काढायच्या आणि उरलेली मधली पट्टी नव्या पात्याखाली ठेवायची. पात्याच्या जाडीइतकी फट वाढते, धार पुढे येते आणि दाढी अधिक गुळगुळीत होते. जिलेट कंपनीने १९५८ मध्ये १ ते ९ आकडे असलेला रेझर काढला, त्यातही फट कमी-अधिक करण्याचीच सोय होती. मी तीच सोय फुकटात केली. तीन दिवस गाल आरशासारखा! चौथ्या दिवशी गळ्याजवळ पाते रुतले. अँजिओप्लास्टीनंतर मी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतो. तुरटी फिरवली, कापूस दाबून धरला, तरी रक्त थांबेना. अर्धा तास सौभाग्यवती माझ्यासमोर एक शब्दही न बोलता उभी होती. तो अबोला जखमेहून अधिक झोंबला.

मग लक्षात आले, की ज्या चुकीबद्दल मी खातेदारांना बजावत असे, तीच मी केली होती. शंभर रुपयांच्या कापसावर बँक पंचाहत्तरच देते, तेव्हा आपला व्यापारी म्हणतो, ‘साहेब, पंचवीस वाया गेले.’ भाव कोसळतो त्या दिवशी तेच पंचवीस पेढी सावरतात. रेझरची पट्टी म्हणजे असेच मार्जिन. ते खाऊन मिळणारा नफा तीन दिवसच टिकतो.

पट्टी काढून टाकली आणि तयारीकडे वळलो. आमच्या बोअरचे पाणी जड. साबणाला फेस येत नाही, नुसती साय धरते. म्हणून पेलाभर फिल्टरचे पाणी कोमट करून घेतो. स्नानानंतर, केस मऊ झाल्यावर बसतो. बोटांनी चाचपून केसांची दिशा पाहतो. गळ्याजवळ ती एकसारखी नसते. रेझर न दाबता, त्याच्या वजनानेच त्या दिशेने फिरवतो. पुन्हा फेस लावून एकदा आडवा. उलटा हात मारत नाही. याच निमित्ताने कळले, की दाढीचे कित्येक ब्रश डुकराच्या केसांचे असतात. आता नायलॉनचा आणला आहे.

आणि एक विनंती. वापरलेले पाते कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकू नये. कचरा वेचणाऱ्याचा हात त्यावर पडतो. पत्र्याच्या बंद डब्याच्या झाकणाला फट पाडावी आणि पाती त्यात टाकत जावीत. डबा भरायला कित्येक वर्षे लागतात.

जबड्याखाली अजून दोन-चार खुंट लागतात. ती बाकी मी पुढे ओढतो.