‘मुलीकडून मागे पडलास?’

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवार, पहाटेचे सहा. आमचा ग्रुप खडकवासल्याहून डोणज्याकडे निघालेला. माझं मागचं चाक पंक्चर झालं. मी उतरले, पाउचमधून नवी ट्यूब आणि टायर लिव्हर काढले, तोवर तीन जण मदतीला हजर. ‘‘राहू दे गं, हात काळे होतील.’’ चाक माझ्या हातातून गेलंसुद्धा. त्याच वेळी दहा पावलांवर एका नवख्या मुलाची चेन पडली होती आणि तो बिचारा एकटाच खाटखूट करत बसला होता. त्याच्याकडे कोणी फिरकलं नाही. पुढे सिंहगडाच्या चढावर मी त्या तिघांपैकी एकाला मागे टाकलं, तर मागून आवाज आला, ‘‘अरे, मुलीकडून मागे पडलास?’’

हे वाक्य जरा नीट बघा. ते मला उद्देशून नव्हतंच. मी त्यात फक्त मोजपट्टी होते, तो किती खाली घसरला हे दाखवणारी. आणि तो? त्याने पुढच्या वळणावर जीव खाऊन मला ओव्हरटेक केलं आणि वर पोहोचल्यावर दहा मिनिटं धापा टाकत बसला. हसू आलं मला, खोटं कशाला बोलू.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस, मदतच केली ना? केली. ही मुलं वाईट नाहीत. ग्रुपमध्ये माझं कौतुक तर इतकं होतं की विचारू नका. शंभर किलोमीटर झाले की ‘‘वा ताई!’’, आठ मार्चला गुलाब, फोटोत मुली पुढच्या रांगेत. पण कौतुक आणि आदर यांत आपण फार गल्लत करतो. कौतुक करणाऱ्याने आधीच धरलेलं असतं की हिला हे जमणार नाही. आदर करणारा माझ्या हातातलं चाक काढून घेणार नाही.

तशी सायकलवरची मुलगी आपल्याला नवी नाही. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात तर नाहीच. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीच्या मुलींसाठी सायकल योजना आणली आणि मुलींची शाळेतली संख्या वाढली. आपल्याकडेही गरजू शाळकरी मुलींना सरकारी योजनेतून सायकली मिळतात. दप्तर लावून, ओढणी सावरत, रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या मुलीबद्दल कोणाची तक्रार नसते. प्रश्न सुरू होतात ते तिने सायकलिंग शॉर्ट्स घातल्या, वेग धरला आणि रस्त्याच्या मधोमध आली की. मग कपड्यांवर कमेंट, बाइकवाल्यांचं मुद्दाम शेजारी रेंगाळणं आणि ग्रुपमधल्याच कोणाचं तरी ‘‘मागून व्ह्यू छान आहे हं’’. जोक म्हणून.

पुण्याचीच वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये, विशीत, सायकलवरून जग फिरून आली. सुमारे २९ हजार किलोमीटर, १५९ दिवस. स्पेनमध्ये तिला चाकूच्या धाकावर लुटलं, तरी ती थांबली नाही. पूजा दानोळे, मयूरी लुटे महाराष्ट्राच्या जर्सीत राष्ट्रीय पदकं घेतात. यांची नावं आपल्याला नीट ठाऊक नसतात, पण ‘मुलींना इतकं लांब झेपत नाही’ हे मात्र सगळ्यांना पाठ असतं.

आता मोठ्या चित्राकडे. जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ झाली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या कॅलेंडरवरची शर्यत, ४३७ किलोमीटर, चकाचक झालेले रस्ते, दुतर्फा गर्दी. मीही गर्दीत घसा बसेपर्यंत ओरडले. शर्यत पुरुषांची होती. पहिलंच वर्ष, सगळं एकदम जमत नाही, मान्य. पण आमच्या ग्रुपवर आठवडाभर त्या शर्यतीची चर्चा चालली, त्यात ‘बायकांची कधी?’ हा प्रश्न एकदाही आला नाही. मलाही तो तिसऱ्या दिवशी सुचला. मला याचंच जास्त वाईट वाटलं. मुंबई-पुणे शर्यतीतल्या ‘घाटाचा राजा’ या किताबावर वाढलेले आपण. राणी असू शकते हे आपल्याही डोक्यात पटकन येत नाही.

बाहेर तरी काय वेगळं होतं? ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचं सायकलिंग १८९६ पासून, बायकांची पहिली शर्यत थेट १९८४ मध्ये. बायकांची ‘टूर द फ्रान्स फाम’ २०२२ मध्ये नव्याने सुरू झाली तेव्हा विजेतीला ५० हजार युरो होते, पुरुष विजेत्याला पाच लाख. २०१३ च्या ‘टूर ऑफ फ्लँडर्स’मध्ये दुसऱ्या आलेल्या पीटर सागानने पोडियमवरच्या होस्टेसला सगळ्या कॅमेऱ्यांसमोर चिमटा काढला. नंतर माफी मागितली. पण पुरुष जिंकणार आणि बाई शेजारी उभी राहून पापा देणार, ही रचना कोणी एका सागानने केलेली नव्हती. ‘टूर द फ्रान्स’ने ती २०२० मध्ये बदलली, एक पुरुष आणि एक महिला उभे राहू लागले. हळूहळू का होईना, हलतंय. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये टाइम ट्रायलचं अंतर दोघांना सारखंच, ३२.४ किलोमीटर होतं. रोड रेस मात्र अजून २७३ विरुद्ध १५८.

पण बक्षीस आणि अंतराच्याही आधी येतं ते सुरक्षित असणं. जून २०२२ आठवा. भारतीय संघ सरावासाठी स्लोव्हेनियात होता. पाच पुरुष सायकलपटू आणि एकच मुलगी. तिने मुख्य प्रशिक्षकाविरुद्ध गैरवर्तनाची तक्रार केली. त्याच्या खोलीत राहायला सांगितलं गेल्याचंही तिने म्हटलं होतं. ‘साई’ने तिला लगेच परत आणलं, प्राथमिक चौकशीत तक्रार खरी आढळली आणि प्रशिक्षकाचा करार रद्द झाला. मग ‘साई’ने नियम काढला की संघात महिला खेळाडू असतील तर महिला प्रशिक्षक सोबत असलीच पाहिजे. नियम चांगला आहे. पण एका मुलीला एवढ्या पुरुषांसोबत दुसऱ्या देशात पाठवताना हा साधा विचार आधी कोणाच्याच मनात आला नाही? तिकिटं काढताना, खोल्या ठरवताना, कोणालाच खटकलं नाही?

तिने हिंमत केली म्हणून कळलं. आणि तिथे निदान तक्रार करायला जागा होती. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडा संस्था, स्टेडियम, स्पर्धेचं ठिकाण हे सगळं ‘कामाच्या ठिकाणा’त धरलेलं आहे. पण आमच्यासारखा व्हॉट्सअॅपवर जमलेला रविवारचा ग्रुप? त्याला ना ऑफिस, ना समिती. एक अॅडमिन आणि साडेतीनशे मेंबर.

आणि इथे मुलामुलींतला फरक कळतो. एखाद्या मुलाला ग्रुप आवडला नाही तर तो सोडतो, एकटा जातो. मी कुठे जाऊ? ऑक्टोबर २०२४ मध्ये बोपदेव घाटात एका तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला, त्यानंतर आईने मला एकच सांगितलं, सायकल चालव, पण एकटी नाही. म्हणजे पहाटेचा घाट हवा असेल तर ग्रुप हवाच. आणि ग्रुप हवा असेल तर ‘व्ह्यू’वाल्या जोकवर हसणंही आलं. आमच्या दोन मैत्रिणींनी गेल्या वर्षभरात राइडला येणं बंद केलं. ग्रुपमध्ये म्हणतात, ‘‘मुली टिकत नाहीत.’’ का, हे त्या दोघींना कोणी विचारलेलं नाही.

ग्रुपमध्ये साठीचे एक काका आहेत. मला पंक्चर काढायला त्यांनी शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, रस्त्याकडेला मांडी घालून बसले, हाताची घडी घातली आणि म्हणाले, ‘‘हं, काढ.’’ पाऊण तास लागला. दोनदा ट्यूब चिमटली. काकांनी बोटही लावलं नाही.

परवा मी ग्रुपवर मेसेज टाकला की राइडवर कोणी त्रास दिला, घाणेरडं बोललं, तर सांगायचं कोणाला? निदान एक मुलगी अॅडमिन करू या का? चार थम्ब्स-अप आले, त्यातला एक काकांचा. अॅडमिन दादांनी लिहिलं, ‘‘अगं, आपण सगळे फॅमिली आहोत, असं काही होत नाही आपल्याकडे.’’ मी खाली त्या दोन मैत्रिणींची नावं लिहिली आणि विचारलं, या दोघी कुठे आहेत मग? ब्लू टिक आल्या. उत्तर अजून नाही. रविवारची राइड मात्र ठरली आहे, साडेपाच वाजता. मी जाणार आहे, दोन्ही ट्यूब सोबत घेऊन.